मदत हवी आहे: स्पाय ॲक्शन पिक्चरची कादंबरी करतोय, पाठलागाच्या सीनमध्ये अडकलोय

इतवारी_एक्सप्रेस:
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. एका स्पाय ॲक्शन पिक्चरची मराठी कादंबरी करायला घेतलीय. सुरुवातीची प्रकरणं ठीक जमली, पण मधला मोठा पाठलाग काही केल्या कागदावर उतरत नाहीये. पडद्यावर चार-साडेचार मिनिटं, एक डायलॉग नाही, नुसतं म्युझिक आणि पळापळ, आणि बघताना एकदम जबरदस्त वाटतं. मी लिहिलं की 'तो धावला, ते मागे धावले, तो वळला, तेही वळले' असं शाळेतल्या निबंधासारखं होतं आणि अर्ध्या पानात संपतं. कसं वाढवायचं? दिवाळीच्या आधी द्यायचंय. 'भरपूर वाचा' असले सल्ले प्लीज नकोत.

धंतोलीकर:
कोणता पिक्चर?

बर्डीवाला:
हिंदी की इंग्लिश? आणि स्क्रिप्ट आहे तुमच्याजवळ की पिक्चर पाहू पाहू लिहून राहिले? दोन्हीत बहुत फरक आहे भाऊ.

इतवारी_एक्सप्रेस:
नाव नाही सांगता येत, अजून रिलीज व्हायचाय. हिंदी आहे. स्क्रिप्ट आहे आणि रफ कट, म्हणजे कच्चं एडिट, पण बघितलाय. आता पाठलागाबद्दल बोला ना कोणीतरी.

कोर्टाची_पायरी:
एक मिनिट. रिलीज न झालेला पिक्चर, स्क्रिप्ट तुमच्या हातात. कादंबरीचे हक्क कोणाकडे आहेत? लेखी काही आहे?

इतवारी_एक्सप्रेस:
प्रोड्यूसर ओळखीचे आहेत, त्यांनीच लिही म्हणून सांगितलं. हक्कांचं मी विचारलेलंच नाही हो.

कोर्टाची_पायरी:
नाही विचारलं तरी सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा कर्ता म्हणजे प्रोड्यूसर, इथपर्यंत ठीक. पण पटकथा ही वेगळी साहित्यकृती, तिचा हक्क लिहिणाऱ्याचा, जोवर त्याने तो कोणाला लिहून दिलेला नाही तोवर. म्हणजे प्रोड्यूसर हो म्हणाले तरी पटकथाकाराने त्यांना नेमकं काय काय दिलंय, त्यात कादंबरी येते का, हे बघावं लागेल. आणि हक्क नावावर करून घ्यायचे तर कलम १९ प्रमाणे सही केलेला कागद पाहिजे. कागदावर मुदत नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश नसेल तर फक्त भारत. जेम्स बाँडचं काय झालं ते आठवा. बाँडचा लेखक फ्लेमिंग, त्याने मॅक्लोरी आणि व्हिटिंगहॅम यांच्यासोबत पटकथा केली, पिक्चर लटकला, मग गड्याने १९६१ मध्ये त्याच मालावर 'थंडरबॉल' कादंबरी छापली, यांना न विचारता. कोर्टकज्जा झाला, १९६३ मध्ये तडजोड झाली आणि पिक्चरचे हक्क मॅक्लोरीकडे गेले. तिथे फ्लेमिंगचं काही चाललं नाही, तुमच्याजवळ तर साधी चिठ्ठी पण नाही.

बर्डीवाला:
कल्पनेवर कॉपीराइट नसतो राजेहो. सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच सांगून ठेवलंय, आर. जी. आनंदची केस. घाबरवू नका लेकराला.

कोर्टाची_पायरी:
ती केस पूर्ण वाचा साहेब. कल्पना मोकळी, मांडणी मोकळी नाही, असं आहे ते. हे इथे प्रसंगच्या प्रसंग डायलॉगसकट घेऊन राहिले. तुमची केस त्यांच्याच अंगावर येईल.

सावजी_स्पेशल:
वकिली बाजूला ठेवा. इतवारी भाऊ, सोपा उपाय सांगतो, हिरोच्या तोंडून लिहा. 'मी धावलो.' संपला विषय. मी आमच्या ग्रुपच्या एका एकांकिकेची दीर्घकथा अशीच केली होती, लोकांना आवडली. 'मी' आलं की धाप आपोआप लागते.

धंतोलीकर:
आणि 'मी' आलं की मी मरत नाही हे पण पहिल्या पानावर कळतं. स्पाय थ्रिलरमध्ये मग उरलं काय?

सावजी_स्पेशल:
पिक्चरमध्ये तरी हिरो कुठे मरतो? तिकीट काढतानाच माहीत असतं सगळ्यांना. 'द स्पाय हू लव्ह्ड मी' घ्या, १९६२ ची कादंबरी सगळी त्या बाईच्या तोंडून आहे, बाँड तर बऱ्याच उशिरा उगवतो.

धंतोलीकर:
हो, आणि फ्लेमिंगने पिक्चरवाल्यांना तिचं फक्त नाव वापरू दिलं, कथा नाही. म्हणून १९७७ च्या पिक्चरची कादंबरी क्रिस्टोफर वुडने वेगळी लिहिली, जो त्या पिक्चरच्या पटकथाकारांपैकी एक होता. ती तृतीयपुरुषी आहे. उदाहरण तुमचंच, उपयोगी माझ्या बाजूला पडलं.

रिकामी_वही:
इतवारी, एक सांगा. तुम्ही सध्या कोणाच्या नजरेतून लिहिताय?

इतवारी_एक्सप्रेस:
तृतीयपुरुषात. सगळ्यांच्याच. कॅमेरा जसा फिरतो तसं, आधी हिरो, मग मागची गाडी, मग वर गच्चीवरचा स्नायपर, मग परत हिरो.

रिकामी_वही:
मग अडचण तिथेच आहे, लांबीत नाही. कॅमेऱ्याला सगळं दिसतं पण कोणाच्या मनातलं कळत नाही, आणि तुम्ही कादंबरीत तेच करताय, म्हणजे कागदाचा जो एक फायदा होता तो सोडून दिला आणि पडद्याचा वेग तर कागदाला मिळणारच नाही. एक माणूस धरा. त्याला जेवढं दिसतं तेवढंच लिहा. गच्चीवर स्नायपर आहे हे त्याला माहीत नसेल तर वाचकालाही सांगू नका, किंवा आधीच्या प्रकरणात सांगून ठेवा आणि इथे गप्प बसा. दुसरं, धावणं लिहू नका, निर्णय लिहा. कुठे वळायचं, काय टाकून द्यायचं, कोणाला धक्का द्यायचा नाही. पाठलाग कुठून कुठे आहे? आणि त्याच्याजवळ आहे काय?

इतवारी_एक्सप्रेस:
पेनड्राइव्ह आहे. नागपुरात इतवारीच्या गल्ल्यांतून निघतो, संत्रा मार्केटमधून स्टेशनवर. मार्केटमध्ये संत्र्यांचे ढीग कोसळतात तो मेन शॉट आहे.

रिकामी_वही:
स्टेशनवरच का जातो?

इतवारी_एक्सप्रेस:
स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं नाही.

रिकामी_वही:
पडद्यावर हे खपून जातं कारण 'का' विचारायला वेळच मिळत नाही, तोवर पुढचा शॉट आलेला असतो. कादंबरीत वेळ वाचकाच्या हातात, तो चार पानं मागे जाऊन तपासतो. आधी हे उत्तर शोधा, पाठलाग निम्मा लिहून होईल.

काटोल_रोड:
संत्र्यांचे ढीग म्हणता, पण कथा कोणत्या महिन्यात घडते?

इतवारी_एक्सप्रेस:
मे. कडक ऊन आहे, डायलॉगमध्ये दोनदा उल्लेख आहे.

काटोल_रोड:
मे महिन्यात संत्र्याचे ढीग कुठून आणले बा! संत्र्याची दोन पिकं, आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबर येतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चच्या आसपास. मे मध्ये तिथे आंबे असतात. आमच्या घरी बगिचा आहे म्हणून सांगतो. पिक्चर पाहणारा मुंबईचा असला तर त्याला कळणार नाही, पण मराठी कादंबरी विदर्भातलाच माणूस वाचेल ना.

बर्डीवाला:
आंबे कोसळले तर ज्यास्त नुकसान, सीन अजून भारी.

सावजी_स्पेशल:
मे मध्ये ४५ डिग्रीत हिरो जॅकेट घालून पळतो का? प्रत्येक पिक्चरमध्ये असते ती काळी लेदरची?

इतवारी_एक्सप्रेस:
...हो.

रिकामी_वही:
अहो मग हेच तर लिहायचं! पडद्यावर ऊन नुसतं पिवळं दिसतं. कागदावर तहान लिहिता येते, जॅकेटमध्ये पिस्तूल लपवलंय म्हणून ते काढता येत नाही हे लिहिता येतं, दुपारी दोन वाजता इतवारीत रस्त्यावर माणूस नाही म्हणून गर्दीत मिसळायची सोय नाही हे लिहिता येतं. मग स्टेशनच का, तर शहरात त्या वेळेला तिथेच गर्दी असते. घ्या, कारण पण मिळालं.

इतवारी_एक्सप्रेस:
हे भारी आहे. थँक्यू ताई. पण लांबीचं काय? प्रकाशक ६० हजार शब्द म्हणतोय.

धंतोलीकर:
अच्छा, प्रकाशक पण आहे. हे आता सांगून राहिले.

रिकामी_वही:
साधारण स्क्रिप्टच्या एका पानाला पडद्यावरचं एक मिनिट धरतात, म्हणजे तुमची स्क्रिप्ट शंभर-सव्वाशे पानांची, शब्द वीस-पंचवीस हजार. उरलेले पाठलाग ताणून भरू नका. पाठलाग दोन-तीन पानांचाच ठेवा, आधीचं आणि नंतरचं वाढवा. वुडच्या त्या कादंबरीत जॉज नावाचा स्टीलच्या दातांचा गुंड आहे, पिक्चरमध्ये त्याला एकही वाक्य नाही, कादंबरीत मात्र पोलंडमधलं पूर्वायुष्य आहे, नावासकट. तुमच्याकडे असा मुका माणूस कोण आहे?

इतवारी_एक्सप्रेस:
मागच्या गाडीचा ड्रायव्हर. शेवटी तोच मरतो, पण त्याला नाव पण नाही स्क्रिप्टमध्ये.

रिकामी_वही:
त्याला नाव द्या, घर द्या, एक प्रकरण द्या. पाठलागाच्या आधी.

बर्डीवाला:
मला नाही पटत. लोक स्पाय कादंबरी मारामारीसाठी घेतात, ड्रायव्हरच्या बायकोचं दुखणं वाचायला नाही. बसस्टँडवर जी पातळ पुस्तकं मिळायची, पहिल्या पानावर मुडदा, दुसऱ्या पानावर गोळी, तीच खरी. पाठलाग दहा पानं करा, बिनधास्त.

कोर्टाची_पायरी:
ड्रायव्हरला नवीन आयुष्य द्यायचं तर तेही करारात लिहून घ्या. उद्या सिक्वेलमध्ये वापरलं तर ते कोणाचं?

सदरचा_निवृत्त:
उशिरा वाचलं. हिरो कोणत्या खात्याचा दाखवलाय?

इतवारी_एक्सप्रेस:
रॉ. स्टेशनवर तोच व्हिलनला अटक करतो. आधी सीताबर्डी किल्ल्यात मीटिंग असते त्यांची, बुधवारी, डायरीत लिहिलेलं असतं.

सदरचा_निवृत्त:
दोन गोष्टी. रॉ १९६८ मध्ये आयबीतून, म्हणजे गुप्तवार्ता खात्यातून, वेगळी काढली ती देशाबाहेरच्या कामासाठी. अटक करायचा अधिकार रॉला नाही, आयबीलाही नाही. तुमचा हिरो माणूस शोधून देऊ शकतो, बेडी पोलीस घालणार, किंवा प्रकरण दहशतवादाचं वगैरे असेल तर एनआयए ही तपास संस्था. दुसरं, किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. सामान्य लोकांना २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट एवढेच दिवस आत सोडतात. कोणत्याही बुधवारी व्हिलन आत जाऊन बसेल तर बाहेर येणार नाही.

रिकामी_वही:
१ मे करा ना मग. कथा मे मधलीच आहे. महाराष्ट्र दिनाची गर्दी, किल्ला उघडा, भेटायला याहून चांगली जागा नाही. आणि अटकेसाठी इथला एखादा इन्स्पेक्टर आणा, त्याला हा दिल्लीचा माणूस अजिबात आवडत नाही. तुमचे पाच हजार शब्द तिथेच निघतील.

इतवारी_एक्सप्रेस:
पण पिक्चरमध्ये तो स्वतः अटक करतो, लोक म्हणतील वेगळं का?

धंतोलीकर:
म्हणू द्या. पिक्चरवरून केलेल्या बऱ्याच कादंबऱ्या एडिटच्या आधीच्या स्क्रिप्टवरून लिहितात, कापलेले सीन त्यात शिल्लक राहतात. थोडंफार वेगळं निघतंच.

इतवारी_एक्सप्रेस:
आत्ता बसून लिहिलं, बघा जरा:
'गल्ली संपली तिथे दोन वाटा होत्या. डावीकडे एका दुकानाचं अर्धं शटर, आत गल्ल्यावर पेंगणारा म्हातारा. उजवीकडे रिकामा रस्ता आणि ऊन. मागे गाडीचा गिअर बदलल्याचा आवाज आला. तो उजवीकडे वळला. म्हाताऱ्याचा जीव वाचावा म्हणून.'

रिकामी_वही:
छान! शेवटचं वाक्य काढून टाका. म्हातारा दिसला, गिअर ऐकू आला, तो उजवीकडे वळला, कळलं वाचकाला.

बर्डीवाला:
राहू द्या हो ते वाक्य, तेवढंच तर हिरोचं हिरोपण.

सदरचा_निवृत्त:
पिस्तूल कोणतं आहे? ग्लॉक लिहिलं असेल तर पुढे 'त्याने सेफ्टी काढली' लिहू नका, ग्लॉकला बाहेरून हाताने काढायचा खटका नसतो.

इतवारी_एक्सप्रेस:
लिहिलं होतं. काढतो. बाय द वे प्रोड्यूसरना फोन केला, पटकथाकार मुंबईचे आहेत आणि त्यांच्या करारात कादंबरीचा उल्लेखच नाहीये. उद्या त्यांच्याशी बोलतोय. पायरी साहेब, कागदाचा नमुना मिळेल का?

कोर्टाची_पायरी:
व्यनि (खासगी मेसेज) करतो. नमुना डोळे मिटून वापरू नका, इथल्या वकिलाला दाखवा. आणि सही होईपर्यंत प्रकाशकाला एकही प्रकरण पाठवू नका.

माऊस_आणि_मी:
सगळं नाही वाचलं, पण कादंबरी टाइप कशात करून राहिले? युनिकोडमध्येच करा. माझ्या पुस्तकाच्या वेळी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं, कन्व्हर्ट करताना सगळे रफार उडाले आणि परत प्रूफ काढावं लागलं.