मदत हवी आहे: बिग टेन, बिग 12 चे टीव्ही करार आणि लेकीची टेनिस ऑफर

टेनिसबाबा

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो. आज अडलं म्हणून धागा काढतोय.

मुलगी यंदा बारावीत आहे. 2026 च्या फॉलपासून कॉलेज टेनिससाठी दोन युनिव्हर्सिट्यांकडून विचारणा आली आहे. एक पश्चिम किनाऱ्यावरची, आधी पॅक-12 या कॉन्फरन्समध्ये (एकमेकींशी खेळणाऱ्या युनिव्हर्सिट्यांचा गट) होती, 2024 पासून बिग टेनमध्ये. दुसरी बिग 12 मधली, घरापासून गाडीने पाच तास. पहिल्या ठिकाणच्या असिस्टंट कोचने झूमवर तीनदा ऐकवलं की आमच्या कॉन्फरन्सएवढा पैसा कुणाकडे नाही. मी मान डोलावली, कळलं काहीच नाही.

रात्री ताटं उचलल्यावर कागद घेऊन बसलो. बिग टेनचा करार फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी, 2023 पासून 7 वर्षं, 700 कोटी डॉलरच्या वर. बिग 12 चा ईएसपीएन आणि फॉक्सशी, 6 वर्षं, 228 कोटी. म्हणजे इकडे वर्षाला 100 कोटी, तिकडे 38. सासरे साताऱ्याहून आलेत, ते शेजारी बसून बघत होते. म्हणाले, "आयपीएलचे अठ्ठेचाळीस हजार कोटी रुपये समजू शकतो हो जावईबापू, पण ही कॉलेजची पोरं. यांच्या मॅचला एवढे पैसे देतं कोण?" मलाही तेच विचारायचंय. खेळ तोच, मग भावात एवढा फरक का? आणि खरा प्रश्न: यातलं टेनिसपर्यंत काय पोचतं? चार वर्षांचा मामला आहे, हो म्हणण्याआधी समजून घ्यायचंय.

उसगावकर

बाबा, पहिली गोष्ट, हा पैसा कॉलेजच्या खेळांचा नाही. शनिवारच्या (अमेरिकन) फुटबॉलचा आहे. बास्केटबॉलचा थोडा वाटा, बाकी सगळे खेळ करारात नावापुरते.

1984 पर्यंत कुठली मॅच टीव्हीवर दिसणार हे एनसीएए (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या युनिव्हर्सिट्या कोर्टात गेल्या आणि सुप्रीम कोर्टाने ती मक्तेदारी 7-2 ने मोडली. निकालाच्या विरोधात मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः जुने फुटबॉलपटू, हा योगायोग मला फार आवडतो. तेव्हापासून हक्क युनिव्हर्सिट्यांचे झाले आणि त्या कॉन्फरन्सच्या नावाने एकगठ्ठा विकू लागल्या.

आता भावातला फरक. बिग टेनने शनिवार तीन तुकड्यांत विकलाय. पूर्वेच्या वेळेने दुपारी 12 ला फॉक्स, साडेतीनला सीबीएस, रात्री एनबीसी. तिन्ही फुकट दिसणारी मोठी चॅनलं, आणि तिन्ही वेळांना मिशिगन, ओहायो स्टेट, पेन स्टेट असं कुणीतरी हवंच. बिग 12 मध्ये सामने चुरशीचे होतात, कधीकधी जास्तच, पण टेक्सस आणि ओक्लाहोमा 2024 ला एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेल्यावर घराघरात माहीत असलेलं नाव उरलं नाही. चॅनल चुरस विकत घेत नाही, नाव विकत घेतं. एसईसीचंच बघा ना. सीबीएस त्यांच्या आठवड्याच्या मोठ्या मॅचसाठी वर्षाला साधारण साडेपाच कोटी डॉलर देत होतं. तोच माल 2024 पासून ईएसपीएनने घेतला, बातम्यांप्रमाणे 30 कोटींच्या आसपास. खेळाडू तेच, मैदानं तीच.

पूर्वी हिशोब घरांचा होता. बिग टेनचं स्वतःचं चॅनल 2007 पासून आहे. त्यांनी 2014 मध्ये रटगर्स आणि मेरीलँड आत घेतल्या, कारण न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनच्या केबल ग्राहकांकडून महिन्याचे पैसे वसूल करता यायचे. मॅच बघा वा न बघा, बिलात ते असायचंच. लोक केबल तोडायला लागले तसं गणित बदललं. आता खरंच कोण बघतं हे मोजतात.

सांगलीकर

सासऱ्यांना सांगा, कॉन्फरन्स म्हणजे दूध संघ. प्रत्येक गावाने दूध घालायचं, संघाने एकत्र डेअरीला विकायचं, पैसे सारखे वाटायचे. ज्याच्या दुधाला फॅट जास्त तो कुरकुरणारच. एसीसीत (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) नेमकं हेच झालं. तिथल्या फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन या युनिव्हर्सिट्या म्हणाल्या, लोक आमच्या मॅच बघतात आणि पैसे सगळ्यांना सारखे? पण बाहेर पडता येईना, कारण घरच्या मॅचचे हक्क 2036 पर्यंत कॉन्फरन्सच्या नावे लिहून दिलेले. कोर्टबाजी झाली आणि मार्च 2025 मध्ये तडजोड: टीव्हीच्या पैशाचा मोठा भाग आता प्रेक्षकसंख्येवर. म्हणजे फॅट लावून भाव!

नोट्र डेम युनिव्हर्सिटीने फुटबॉलचं दूध संघात घातलंच नाही. 1991 पासून थेट एनबीसीला. स्वतःची किटली, स्वतःचं गिऱ्हाईक.

उसगावकर

@सांगलीकर, दंडवत _/\_

बाबांच्या पहिल्या ऑफरला लागू पडणारी गोष्ट राहिली. पॅक-12 कशी मोडली ती. 1915 पासूनची परंपरा. जून 2022 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या युनिव्हर्सिट्यांनी बिग टेनला जायचं जाहीर केलं आणि लॉस एंजेलिसची बाजारपेठ हातची गेली. उरलेल्यांनी वर्षभर करार शोधला. ऑगस्ट 2023 मध्ये हातात पडला अ‍ॅपलचा, ज्यात पक्की रक्कम कमी आणि वाढीव पैसे लोक सबस्क्रिप्शन किती घेतात त्यावर. 4 ऑगस्टला ओरेगन आणि सिअ‍ॅटलची वॉशिंग्टन बिग टेनला गेल्या, त्याच दिवशी अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि यूटा बिग 12 ला. स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक कोस्ट नावाच्या कॉन्फरन्समध्ये, आणि दोघींचा समुद्र पॅसिफिक.

म्हणून कागदावर 100 ला भागून प्रत्येकीचा वाटा काढू नका. यूएससी आणि यूसीएलएला पूर्ण वाटा मिळतो. ओरेगन आणि वॉशिंग्टन सुरुवातीची वर्षं जवळजवळ अर्ध्यावर आहेत. यूसीएलएला तर त्यातून बर्कलीला वर्षाला 1 कोटी डॉलर द्यावे लागतात, दोघी एकाच सरकारी व्यवस्थेतल्या बहिणी म्हणून. आपली कुठली हे विचारत नाही, तुम्ही तपासा. सीझनअखेरच्या फुटबॉल प्लेऑफचे (बाद फेरीचे) पैसे वेगळे, तो ईएसपीएनचा 6 वर्षांचा 780 कोटींचा निराळा करार. बातमीतल्या आकड्यात तो धरलाय की नाही ते प्रत्येक वेळी बघावं लागतं.

ओहायोवैनी

भाऊ, आमची लेक याच रस्त्याने गेली (पोहणं, तिसरं वर्ष), म्हणून आईच्या नजरेने लिहिते. टीव्हीचे पैसे टेनिसला थेट येत नाहीत. ते अ‍ॅथलेटिक्स खात्याच्या गंगाजळीत जातात आणि तिथे फुटबॉल पहिला पंगतीला बसतो. त्यात जून 2025 मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर युनिव्हर्सिटी खेळाडूंना थेट पैसे देऊ शकते, 2025-26 साठी कमाल 2.05 कोटी डॉलर. बहुतेक ठिकाणी यातला मोठा घास फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलचा. हे पैसे कुठून तरी काढायचे असतात, आणि कात्री लहान खेळांवर फिरते.

कोचला करार विचारू नका, गेल्या सीझनचा प्रवासाचा तक्ता मागा. पश्चिमेहून न्यू जर्सीला मॅच म्हणजे तीन टाइम झोन. आमची पोरगी विमानात मांडीवर लॅपटॉप ठेवून ऑरगॅनिक केमिस्ट्रीची क्विझ देते आणि वायफाय गेलं की मला मेसेज करते, जणू मी जोडून देणार आहे. स्कॉलरशिप किती टक्के आणि किती वर्षं, हे लेखी घ्या. टीममध्ये जागा किती, तेही.

आणि तारखा बघितल्यात का? बिग टेनचा करार 2029-30 ला संपतो. तुमच्या लेकीचं शेवटचं वर्ष तेच. बिग 12 चा 2030-31. नवा करार जवळ आला की पुन्हा कोण कुठे पळतंय सुरू होणार, आणि ते तिच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात.

टेनिसबाबा

सगळ्यांचे मनापासून आभार. दूध संघ सासऱ्यांना लगेच पटला. त्यांचा पुढचा प्रश्न: "मग संघाचा चेअरमन कोण?" त्यासाठी वेगळा धागा काढेन.

आज दोन्ही कोचना मेल केलं. बिग 12 वाल्यांचा तक्ता तासाभरात आला, बराचसा बसने आणि दोन विमानप्रवास. पश्चिम किनाऱ्यावाल्यांकडून उत्तर आलं की फोनवर बोलू. लेक म्हणतेय तिला तिथलं इनडोअर कोर्ट आवडलंय. फोन गुरुवारी आहे, झाला की इथेच लिहितो.

ओहायोवैनी

फोनवर बोलले तरी नंतर मेलवर मागाच.