रात्रीचं काम आधी कमी करा

आठवडी सुट्टी घेतली तरी सुट्टीतही डोकं दुकानातच असतं, अशी एका दुकानदाराची तक्रार वाचली. माझ्या मते आठवडी सुट्टीइतकंच रात्रीचं काम कमी करणं गरजेचं आहे. आमच्या हार्डवेअरच्या दुकानात शटर ओढल्यावर गल्ला मोजणं, उधारीची वही, उद्याची मागणी, असं करत अकरा वाजायचे. आता गल्ला आणि वही शटर ओढायच्या आधीच भाचा जुळवतो. आठनंतर व्हॉट्सॲप बिझनेसवरून आपोआप उत्तर जातं. एकही गिऱ्हाईक तुटलं नाही. झोपच उडाली असेल तर मात्र अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

उलाढाल 5 कोटींपर्यंत असेल तर जीएसटीच्या तिमाही रिटर्नबद्दल सीएंना विचारा. कर दरमहाच भरायचा, पण रिटर्नची धावपळ तीन महिन्यांतून एकदाच.