लिंक लपते, पण फाइल चुगली करते: टॉरवरून लेख पाठवण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचा छोटासा वाचनगट आहे. जालावरचे लेख एकमेकांना पाठवतो (सगळे फुकट वाचता येणारे, वर्गणी चुकवायचा प्रश्न नाही). कोण काय वाचतंय याची नोंद मधल्या कुणाकडे राहू नये, एवढंच हवंय.

साध्या लिंकमागे यूटीएम, एफबीक्लिड असलं, क्लिक कुठून आलं याचा माग ठेवणारं लटांबर येतं. प्रश्नचिन्हापुढचं सगळं उडवावं, तर काही ठिकाणी लेखाचा क्रमांकच तिथे असतो, मग लेखही गायब! म्हणून आता सिंगलफाइल हे एक्स्टेन्शन वापरून पान एकाच एचटीएमएल फाइलमध्ये साठवतो आणि ओनियनशेअर या, आपल्याच कंप्युटरवरून थेट फाइल देणाऱ्या प्रोग्रॅमने पाठवतो. मध्ये कुणाचा सर्व्हर नाही, टॉरमुळे (रहदारी अनेक संगणकांमधून फिरवणारं नेटवर्क) दोन्हीकडचे आयपी पत्ते झाकलेले. ५६ अक्षरांचा ओनियन पत्ता आणि सोबतची खाजगी चावी दिली की झालं. इथवर झकास.

पण अशी एक फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. अगदी वरच सिंगलफाइलची टीप: मूळ पत्ता, शेपटीसकट, आणि साठवल्याची तारीख-वेळ, तीही माझ्या टाइमझोनसह. खाली पानाच्या कोपऱ्यातलं माझं लॉगिन नावही जसंच्या तसं. मग नेटवर्कने तोंड झाकून उपयोग काय?

लॉगिन न करता टॉर ब्राउझरमध्येच पान उघडून साठवावं, तर त्यात जादा एक्स्टेन्शन टाकू नका म्हणतात, कारण त्यानेच आपण गर्दीत वेगळे दिसतो. शिवाय बरीच संकेतस्थळं टॉर दिसला की कॅप्चा दाखवत बसतात. रीडर व्ह्यूमधून पीडीएफ काढली, तर तिच्यातही तयार केल्याची वेळ उरतेच. ती पुसायला तुम्ही काय वापरता? की सरळ मजकूर कॉपी करून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टाकणं बरं? चित्रं गेली तरी चालतील, तक्ते गेले तर पंचाईत.

दुसरं म्हणजे, समोरचा फाइल उतरवून घेईपर्यंत माझा कंप्युटर चालू लागतो. पहिल्या डाउनलोडनंतर शेअरिंग बंद होणारी खूण काढून टाकली आहे, पण रात्रभर मशीन कोण चालू ठेवणार? आयपीएफएस (अनेक संगणकांमधून थेट फाइली देणारं जाळं) सुचवू नका, ते निनावी नाही. हायफानेट (पूर्वीचं फ्रीनेट) फाइलचे कूटबद्ध तुकडे इतरांच्या संगणकांवर ठेवतं, म्हणजे आपण बंद असलो तरी चालावं. पण कुणी फारसं न मागितलेलं हळूहळू गळून पडतं म्हणे. चार-पाच वाचकांच्या लेखाला तिथे कितपत आयुष्य मिळतं? कुणी प्रत्यक्ष वापरलंय का?