बंगालच्या अंगाईतले मराठे: ती बाजू आपण शिकवायची की नाही?

मोडीवाचक
नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या बंगाल स्वाऱ्या आपण दोन ओळींत उरकतो: त्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने दग्याने मारलं, १७५१ च्या तहात ओडिशा आणि वर्षाला १२ लाख चौथाई मिळाली. संपलं. बंगालीत तीच दहा वर्षं अंगाईत जाऊन बसली आहेत. बाळ झोपलं, बर्गी आले, धान पाखरांनी खाल्लं, आता शेतसारा कशाने भरू? (बर्गी म्हणजे आपले बारगीर, मराठी घोडेस्वार.) त्याच काळातल्या गंगाराम या बंगाली कवीच्या ‘महाराष्ट्र पुराणा’त गावंच्या गावं पळताना दिसतात. पंडित पोथ्यांचे भारे घेऊन, सोनार तराजू-वजनं घेऊन, कोळी जाळी घेऊन. हे आपल्या मुलांनी वाचलंच पाहिजे.

शिलेदार
साफ असहमत. त्या काळी कुठलं सैन्य लूट करत नव्हतं? मुघल फौजांनी आपला मुलूख जाळला, ते दिल्लीत कोण शिकवतं? आणि गंगाराम नवाबाच्या राज्यात बसून लिहीत होता. तो दुसरं काय लिहिणार?

मोडीवाचक
नवाबाचा भाट असता तर त्याने सुरुवात अशी केली नसती. त्याच्या काव्यात लोकांची पापं वाढली म्हणून देवच मराठ्यांना धाडतो! पुढे ब्राह्मण-वैष्णव मारले जातात, तेव्हा भवानी भास्कररामांवर रुसते. दुर्गापूजा मांडणाऱ्या सरदाराची देवीच त्याला सोडते, हे लिहिणाऱ्याला आधी आपल्याकडून आशा होती.

कटकची सून
ओडिशाला विसरू नका. तिथे १८०३ पर्यंत भोसल्यांचा अंमल होता. पुरीच्या सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ मराठा काळातच कोणार्कहून आणला. माझ्या सासरी वसुलीच्या जाचाबद्दलही बोलतात आणि जगन्नाथाच्या सेवेबद्दलही, एकाच दमात. मला दोन्ही खरं वाटतं.

शिलेदार
मग अरुणस्तंभही शिकवा. आपल्या वाट्याला फक्त जाळपोळच का?

पर्वतीकर
मुळात ‘आपली बाजू’ एक होती का? १७४३ मध्ये नानासाहेब पेशवे अलीवर्दीशी करार करून रघूजींवरच चालून गेले आणि त्यांना बंगालबाहेर काढलं. पुण्यात बसून पाहिलं तर रघूजी आवरायला हवे होते, नागपुरात बसून पाहिलं तर पेशवे आड आले.

शिलेदार
पेशव्यांचा मुद्दा मान्य, तो मी डावलत होतो. गंगारामचा उतारा घ्या, हरकत नाही. पण १७४४ ला बोलणीसाठी बोलावून भास्करराम आणि त्यांचे सरदार कापले, ते पान बंगाली मुलांनीही वाचावं. ही अट मी सोडणार नाही.

मोडीवाचक
सोडू नका. दोन्ही उतारे समोरासमोरच्या पानांवर छापा, एवढंच मागतोय.