सांभाळ करणाऱ्या भाचीचा मावशीच्या मिळकतीवर हक्क पोहोचतो का?

प्रश्न – महालकर
माझी मावशी गेल्या वर्षी नागपुरात वारली. ती विधवा व निपुत्रिक होती आणि तिने मृत्युपत्र केलेले नव्हते. शेवटी ती अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचे औषधपाणी, आंघोळ, रात्रीबेरात्रीचे उठवणे-बसवणे सारे मीच केले. महाल भागातले घर काकांच्या (मावशीच्या पतीच्या) पश्चात वारसाने तिच्याकडे आले असून आखीव पत्रिकेवर (घराच्या सरकारी मिळकत-नोंदीवर) तिचे एकटीचे नाव आहे. तिच्या शिक्षिकेच्या नोकरीतून साठलेली बँकेतील ठेव वेगळी. तिला नॉमिनी मी आहे. काकांचा धाकटा भाऊ भिलाईला कामासाठी गेला, त्याचे 1998 सालचे एक पोस्टकार्ड मावशीच्या ट्रंकेत मिळाले, पुढे काहीच नाही. माझी आई ही मावशीची एकुलती बहीण. ती आधीच वारली. मी वारस ठरते का?

उत्तर – सिव्हिल लाइन्सचा वकील
सेवा हा वारसाहक्काचा आधार नाही, हे कटू असले तरी आधी ऐकून घ्या. सासरने हाकललेल्या व माहेरने सांभाळलेल्या एका विधवेची स्वकष्टार्जित मिळकतदेखील सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये पतीच्या वारसांनाच दिली. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 च्या कलम 15 नुसार अपत्य व पती नसल्यास स्त्रीच्या स्वतःच्या मिळकतीवर प्रथम पतीचे वारस येतात, नंतर तिचे आईवडील, मग वडिलांचे वारस. तुम्ही मावशीच्या वडिलांच्या, आधीच वारलेल्या मुलीची मुलगी म्हणून या शेवटच्या गटात बसता. म्हणजे ठेवीवर तुमचा दावा टिकू शकतो, परंतु पतीकडचे कोणी नाही हे सिद्ध झाल्यावरच. घराचेही तसेच. पतीकडून वारसाने आलेली मिळकत पोटकलम 2 प्रमाणे आधी पतीच्या वारसांकडे जाते, पण ते कोणीच नसतील तर ती सरकारजमा न होता पोटकलम 1 मधल्या इतर वारसांकडे जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये म्हटले आहे.

उत्तर – दप्तरी
नॉमिनी असल्यामुळे बँक तुम्हाला रक्कम देईल, पण ती तुमच्याकडे वारसांच्या वतीने राहते. उद्या दिराची मुले उभी राहिली तर हिशेब द्यावा लागेल, तेव्हा ती खर्च करण्याची घाई करू नका. सात वर्षे ज्याची खबर नाही तो मृत मानता येतो, हे खरे. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम 108 मध्ये होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 111 मध्ये आहे. मात्र या गृहीतकाने मृत्यूची तारीख ठरत नाही आणि तो निःसंतान होता असेही ठरत नाही. लोकांची फसगत नेमकी इथेच होते. शिवाय पतीच्या वारसांत चुलत भावंडे आणि त्यांच्यानंतर आते-मामेभावंडेही मोडतात, म्हणून काकांची वंशावळ आधी नीट मांडा.

महालकर
म्हणजे दीर सापडला तर सगळेच माझ्या हातून जाते. मग शोध का घ्यावा?

उत्तर – सिव्हिल लाइन्सचा वकील
शोध तुमच्याच हिताचा आहे. पतीकडचे कोणी नाही हे सिद्ध केल्याशिवाय घरावर किंवा ठेवीवर तुमचा दावा टिकणार नाही. आणि दीर सापडलाच, तरी तो मनात आणेल तर घर तुम्हाला देऊ शकतो. त्यासाठी हक्कसोडपत्र चालणार नाही, कारण तुम्ही सहहिस्सेदार नाही. नोंदणीकृत बक्षीसपत्रच लागेल. पोस्टकार्डावरचा शिक्का व पत्ता वाचता येतो का ते पाहा, तिथल्या पोलिसांत अर्ज द्या आणि नागपूर व भिलाई दोन्हीकडच्या दैनिकांत जाहीर नोटीस छापून घ्या. त्या कात्रणांचा व पोचपावत्यांचा ठेवीच्या वारसा प्रमाणपत्राच्या अर्जातही उपयोग होईल.

उत्तर – दप्तरी
मध्यंतरी कोणी सरकारी कार्यालयातून घर बेवारस म्हणून सील करण्याची भाषा केली तर घाबरून चावी देऊ नका. वारस नसल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो आणि मालकीचा प्रश्न दिवाणी न्यायालयाने सोडवायचा असतो, हे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केले आहे. फक्त ‘इतकी वर्षे राहते म्हणून घर माझे’ असे कुठेही लिहून देऊ नका. मावशीच्या संमतीने राहिलेल्याचा ताबा प्रतिकूल (म्हणजे मालकाविरुद्धचा, मालकी मिळवून देणारा) ठरत नाही. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.