प्रतिसाद: टक्का वाढला, पण मोजलं काय?

‘राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाळीच्या दिवसांत स्वच्छ साधन (पॅड वगैरे) वापरणाऱ्या मुलींचा आकडा ५७.६ वरून ७७.३ टक्क्यांवर गेला, म्हणजे प्रश्न सुटत आला’ हे म्हणणं अर्धंच पटतं. वाढ खरी आहे, पण तो आकडा १५ ते २४ वयाचा. पाळी बाराव्या-तेराव्या वर्षी येते, म्हणजे सहावी ते आठवीच्या मुली त्यात नाहीतच. शिवाय उत्तरं एकापेक्षा जास्त देता येतात. शाळेत पॅड आणि घरी कापड वापरणारी मुलगी ‘स्वच्छ साधन’ याच रकान्यात जाते. उलट कापड धुऊन उन्हात कडक वाळवणारी त्याबाहेर! (अर्थात ठाण्याजवळ कळव्याच्या डोंगरावरच्या चाळीत जुलैत ऊन कुठलं.)

ठाणे-नवी मुंबईकडच्या दिवा, तुर्भे, दिघ्यातल्या शाळांत मुलींची सोय पाहायची तर पॅडची यंत्रं मोजू नका. दुपारच्या सत्रात शौचालयात जा, सकाळी सगळं धुतलेलं असतं. आतून कडी लागते का, नळाला त्या वेळी पाणी आहे का, साबण आणि वापरलेल्या पॅडसाठी झाकणाचा डबा कडीच्या आतल्या बाजूला आहे का, एवढं बघा. डबा बाहेर व्हरांड्यात असेल तर पॅड शौचालयाच्या भांड्यात टाकलं जातं, ते फुगून जाळी तुंबते आणि मग त्या शौचालयाला कुलूप लागतं. कागदावर मात्र ते ‘उपलब्ध’च राहतं.