सळईपेक्षा पश्चिमेची भिंत महागात पडते

उंच इमारतीची बहुतेक ऊर्जा सिमेंट-सळई बनवण्यातच जाते, वर पाण्याचा पंपही वीज खातो आणि फ्लाय अ‍ॅशच्या (कोळशाच्या राखेच्या) विटा वापरल्या की बचत होते, असं काहीजण म्हणतात; ते काही पटलं नाही. नेहमीच्या इमारतीच्या पूर्ण आयुष्यातली साधारण 80 ते 90 टक्के ऊर्जा लोक राहायला आल्यानंतर खर्च होते. त्यात नागपूरचा मे, पारा 45 च्या वर! आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. बेडरूमची पश्चिमेची भिंत रात्री दहालाही तव्यासारखी लागते. बिल्डरने खिडकीवर छज्जा दिलाच नाही, एलिव्हेशन (इमारतीचं दर्शनी रूप) बिघडतं म्हणे. बाल्कनीत कूलर मावत नाही, मग एसी आलाच. खरं तर इथल्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर एसीपेक्षा कितीतरी कमी वीज खातो (जुलैत मात्र तो नुसती चिकचिक करतो).

पाण्याच्या पंपाचा बाऊ नको. हजार लिटर पाणी 60 मीटर चढवायला, निम्मी ऊर्जा वाया गेली असं धरलं तरी, युनिटचा जेमतेम तिसरा हिस्सा लागतो. फ्लाय अ‍ॅशच्या विटा चांगल्याच, पण उघड्या भिंतीमुळे वाढलेलं एसीचं बिल त्या थोडंच भरणार?

बाहेरून बांबूची चीक (काड्यांचा पडदा) लावतो म्हटलं, तर सेक्रेटरी म्हणतात, सोसायटी झोपडपट्टी दिसेल.